एका क्लिकचे चार रुपये

ज्योत्स्ना माझ्याकडे अकरावी-बारावीला होती. तळेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी तेव्हा मराठी शिकवायचे. 'माझे आवडते ठिकाण' या निबंधात वर्गातल्या सगळ्या मुलींनी लोणावळ्याचे धबधबे आणि धुकं लिहिलं होतं, आणि या मुलीनं वडगावच्या तहसील कचेरीबद्दल लिहिलं. कुठल्या खिडकीवर कोणता दाखला मिळतो, कोणत्या वेळी गेलं की साहेब जागेवर सापडतात, परगावची बाई चुकीच्या रांगेत उभी असली तर तिला कसं कळतं. एक अलंकार नाही, एक जादा शब्द नाही. असा निबंध मला त्याआधी कुणी दिला नव्हता. ती मुलगी तेव्हापासून माझ्या लक्षात राहिली.

लग्न होऊन ती वराळ्याला गेली. नवरा प्रदीप जवळच्याच एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. सासरे सीताराम रेल्वेत गँगमन, सगळी नोकरी खंडाळ्याच्या घाटात रूळ सांभाळण्यात गेलेली. घरात शिरलं की समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि खाली फळीवर ज्योत्स्नाची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. तलाठी व्हायचं तिनं शाळेतच ठरवलं होतं. परीक्षा दोनदा दिली. दुसऱ्या खेपेला अगदी थोडक्यात यादीबाहेर राहिली. मग लेक झाली, वयाची अट जवळ आली, आणि पुस्तकांवर धूळ बसायला लागली.

टाळेबंदीच्या दिवसांत तिनं मोबाईलवर ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं 'भरतीची खबर'. कुठल्याही सरकारी खात्यात जागा निघाल्या की त्याची जाहिरात पंचवीस-तीस पानांची असते आणि ती वाचून भल्याभल्यांना घाम फुटतो. ज्योत्स्ना ती सगळी वाचायची आणि साध्या मराठीत दोन पानांत मांडायची. वय कोणत्या तारखेला मोजायचं, नॉन-क्रिमिलेयरचा दाखला कोणत्या वर्षाचा चालतो, फोटो मोठा झाला तर लहान कसा करायचा. मजकूर टाकण्याआधी ती मला पाठवायची, "मॅडम, ऱ्हस्व-दीर्घ बघा," म्हणून. बघण्यासारखं फारसं नसायचंच. तिचं लिहिणं वाचून एखाद्या समंजस मोठ्या बहिणीनं शेजारी बसून सांगावं तसं वाटायचं. वाचणारी मुलंही तिला ताई म्हणूनच लिहायची.

जाहिरातींचं तिला वर्षभरानं कळलं. कुणाच्या तरी व्हिडिओत तिनं पाहिलं की ब्लॉगवर जागा मोकळी ठेवली तर जाहिराती पुरवणारी एक मोठी कंपनी तिथे आपोआप जाहिराती लावते आणि त्याचे पैसे देते. तिनं अर्ज केला, तो मंजूर झाला. पुढे काय झालं ते ती मला फोनवर हसत हसत सांगायची.

"मॅडम, आज दिवसाचे साडेतीन रुपये झाले."

"एवढेच गं?"

"मराठीला भाव कमी असतो. हजार लोकांनी पान उघडलं की चाळीस-पन्नास रुपये. आणि आठेक हजार साठल्याशिवाय बँकेत टाकत नाहीत."

ते आठ हजार साठायला जवळजवळ वर्ष गेलं. वराळ्यात मात्र तोवर बातमी झाली होती की सीतारामच्या सुनेला मोबाईलमधून पगार चालू झाला. भाजी घेताना, पिठाच्या गिरणीवर, लग्नात पंगतीत बसल्यावर बायका विचारायच्या, "किती मिळतात गं?" तिनं खरा आकडा सांगितला की त्यांना वाटायचं ही लपवते आहे.

सीतारामआबांना तिचा फार अभिमान. सुनेला हातभार लावावा म्हणून त्यांनी एक उद्योग केला. जाहिरातीवर बोट लावलं की जास्त पैसे मिळतात एवढं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. त्यांनी गावातल्या आपल्या म्हाताऱ्या दोस्तांना गोळा केलं, आणि ही मंडळी रोज दुपारी झाडाखाली बसून 'भरतीची खबर' उघडून दिसेल त्या जाहिरातीवर बोटं मारत राहिली. आठवड्याभरात कंपनीचा निरोप आला: तुमच्या ब्लॉगवर खोटे क्लिक होत आहेत, खातं महिन्याभरासाठी बंद. आबा दोन दिवस जेवले नाहीत. "लय चुकलं पोरी माजं. म्या म्हनलं, तेवडंच तुला बरं." ज्योत्स्नानंच मग त्यांची समजूत काढली.

नंतर भरत्यांचा मोठा हंगाम आला. तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद, एकामागून एक जाहिराती निघाल्या आणि राज्यभरातली मुलं मोबाईलवर शोधायला लागली. तिचं साधं लिहिणं सगळ्यांच्या वर दिसू लागलं. त्या हंगामातल्या एका महिन्यात तिच्या खात्यात बासष्ट हजार रुपये जमा झाले. बँकेचा संदेश आला तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानं तिनं मला फोन लावला आणि बोलायच्या ऐवजी रडलीच.

हे सगळं चांगलंच होतं. अडचण अशी की दर महिना तसा नसतो, आणि घर मात्र त्या महिन्याच्या हिशोबानं चालायला लागलं. प्रदीपचं कंत्राट संपलं. नव्या कंपनीत चौकशी कर म्हटलं की तो म्हणायचा, "बघू की, तुझं चाललंय ना." घराच्या मागे दोन खोल्या वाढवायला कर्ज काढलं. हंगाम ओसरला आणि कमाई पंधरा-वीस हजारांवर आली, कधी दहावर. प्रदीप वाईट माणूस नव्हे. लेकीला शाळेत सोडणं-आणणं, घरचं पाणी भरणं, सगळं तो करायचा. पण बसून बसून त्याला ब्लॉगच्या आकड्यांचा नाद लागला. ज्योत्स्नाआधी तो सकाळी आकडे बघायचा. कोणत्या जाहिरातीला किती भाव हे त्याला तोंडपाठ झालं. कपड्यालत्त्याच्या जाहिरातीला पैसे कमी. कर्ज, विमा आणि नोकरीच्या जाहिरातीला जास्त. एकदा त्याच्याच सांगण्यावरून, पानावर कुठे आणि किती जाहिराती लावायच्या हे तिनं त्या जाहिरात कंपनीवरच सोपवलं. त्यानंतर पानाचं रूपच बदललं. दोन ओळी वाचल्या की जाहिरात, खाली चिकटून राहणारी एक पट्टी, मध्येच सगळा पडदा झाकणारी एक. आणि त्यात हिरवी, ठळक बटणं असलेल्या जाहिराती: 'येथे अर्ज करा', 'त्वरित भरती'. खाली बारीक अक्षरात 'जाहिरात' असं लिहिलेलं असायचं. ते दिसायला डोळे चांगले हवेत.

मी तिला म्हटलं होतं, "अगं, तुझा मजकूर आता शोधावा लागतो."

ती म्हणाली, "मला पण नाही आवडत, मॅडम. पण त्या बटणांमुळेच हप्ता निघतोय."

एका रविवारी दुपारी भिमाजी वराळ्याला आले. खंडाळ्याला एका मुंबईकराच्या बंगल्याची राखण ते पंचवीस वर्षं करत होते. बाग, पाणी, पाहुण्यांची उठबस, सगळं त्यांच्याकडे. सीतारामआबा घाटात नोकरीला असल्यापासूनची दोघांची ओळख. लोणावळ्याहून लोकलनं तळेगावला उतरून, तिथून रिक्षानं ते आले होते. पुढचं सगळं ज्योत्स्नानं मला नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, मध्ये मध्ये थांबत.

भिमाजींनी आबांना जय भीम केला, पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. आबांना वाटलं, लेकीच्या लग्नाचं बोलायला आला. भिमाजींची रुपाली बारावी होऊन दोन वर्षं घरी होती. हुशार पोर. आबांनीच त्यांना सांगितलं होतं, "माजी सून नोकऱ्यांच्या बातम्या देती, पोरीला वाचाया लाव."

भिमाजी ज्योत्स्नाकडे वळले. "ताई, त्या रेल्वेच्या नोकरीचं पुढं काय झालं, इचारायला आलतो."

"कोणत्या रेल्वेच्या?"

"रुपालीनं अर्ज केला न्हवं का तुमच्यातनं. पैसं भरून दीड म्हयना झाला."

ज्योत्स्नाला काही उमजेना. सरकारी अर्जाची फी पाचशे-हजारांच्या वर नसते आणि ती आपण कधी घेत नाही, असं ती सांगू लागली. भिमाजींनी मान हलवली आणि मोबाईल काढून तिच्या हातात दिला. रुपालीचे त्या लोकांशी झालेले संदेश त्यात होते. आधी नोंदणीचे बाराशे. मग वैद्यकीय तपासणीचे साडेचार हजार. मग गणवेश आणि प्रशिक्षणाचे. मग नेमणूकपत्र देण्याआधीची अनामत, ती परत मिळणार होती. सगळे मिळून अडतीस हजार. मालकाकडून उचल घेऊन भिमाजींनी ते भरले होते. नंतर रुपाली पुण्याला, सांगितलेल्या पत्त्यावर हजर व्हायला गेली. तिथे टायरचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, या महिन्यात आलेली तू चौथी. त्यानंतर तो फोन नंबर लागला नाही.

"पन तुमचंच हाय न्हवं ते?" भिमाजी म्हणाले. "तुमच्या पानावर व्हतं. हिरवं बटन. रुपाली म्हनली, ज्योत्स्नाताई वंगाळ काय टाकनार न्हाईत. म्हून भरलं."

प्रदीप आतून बाहेर आला. "काका, ती आमची नव्हे. ती जाहिरात. कंपनी टाकते. आम्हाला माहीत पण नसतं कुणाला काय दिसतं ते."

भिमाजींना ते कळलं नाही. ज्योत्स्नानं समजावून सांगितलं. हे पान माझं, पण त्यातला हा तुकडा भाड्यानं दिलेला. तिथे कोण येऊन बसतो ते मी ठरवत नाही. भाडं मला मिळतं. बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं, की आपण किती विचित्र बोलतोय.

भिमाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी रुपालीनं बटन दाबलं त्याचं तुमाला पैसं मिळालं."

"हो."

"किती?"

तिनं मोबाईल उघडला. रुपालीनं बटण दाबलं तो दिवस संदेशांवरून कळत होता. त्या दिवसाचे, त्या पानाचे आकडे तिनं काढले. एका माणसाचं वेगळं दिसत नाही, पण त्या दिवशी एका क्लिकला सरासरी काय पडलं ते दिसतं.

"चार रुपये," ती म्हणाली. "चार, सव्वाचार."

भिमाजींच्या आवाजात राग नव्हता. "चार? म्या म्हनलं, निम्मं तरी तुमाला मिळत आसंल."

ही ओळ मला सांगताना ज्योत्स्ना उठून स्वयंपाकघरात गेली होती आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली होती. निम्मे मिळाले असते तर ते परत देऊन मोकळं होता आलं असतं, असं ती नंतर म्हणाली. चार रुपये परत कसे द्यायचे?

दुसऱ्या दिवशी ती खंडाळ्याला गेली. आबा बरोबर येतो म्हणाले, तिनं त्यांना घरी ठेवलं. बंगल्याच्या मागे राखणदाराच्या दोन खोल्या. रुपाली आतल्या खोलीत होती. पुण्याहून परतल्यापासून ती गावात फिरकली नव्हती. मैत्रिणींना तिनं नोकरी लागल्याचं सांगून ठेवलं होतं. एकीला तर पेढेही दिले होते. आता त्यांचे फोन ती घेत नव्हती. ज्योत्स्ना शेजारी बसली, पाठीवर हात ठेवायला गेली, तशी मुलगी सरकून बसली.

"पोलिसात जाऊ आपण," ज्योत्स्ना म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर."

रुपालीनं वर पाहिलं. "ताई, तुमी ती जाहिरात बघितली नव्हती?"

यावर नाही म्हणणं सोपं होतं. प्रदीप तेच म्हणाला होता आणि त्यात खोटंही फारसं नव्हतं. ज्याला त्याला वेगळी जाहिरात दिसते; हीच नेमकी तिनं पाहिलेली असेलच असं नाही. पण तसल्या पाहिल्या होत्या. एकदा तर तिनं स्वतः एक उघडून वाचली होती, रेल्वेचं बोधचिन्ह वेडंवाकडं छापलेली, आणि मनात आलं होतं की हे काही खरं दिसत नाही. तशा जाहिराती आणणारा अख्खा प्रकार बंद करायची सोय कंपनीनं दिलेली होती. तिनं ती उघडून पाहिली होती. खाली सूचना होती: असं केल्यानं तुमचं उत्पन्न घटू शकतं. तिनं पान मिटून टाकलं होतं.

"बघितली होती," ती म्हणाली. "तीच नाही, तसली. मला संशय आला होता. तरी राहू दिली."

"का?"

"पैसे येत होते म्हणून."

शेवटी रुपाली वडगावला पोलिसात जायला तयार झाली.

वडगावच्या पोलीस ठाण्यात त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. तिथल्या बाई हवालदारानं रुपालीला आधी पाणी दिलं, मग पैसे गेल्याच्या पावत्या, नंबर, संदेश सगळं उतरवून घेतलं आणि तक्रार ऑनलाईनही नोंदवून दिली. शेवटी ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी सायबर हेल्पलाईनला फोन करायला हवा होता गं. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात." पुढे दोनेक महिन्यांनी कळलं की साखळीतल्या एका बँकखात्यात सहा हजार अडकलेले सापडले. तेवढे परत आले. बाकीचे कुठल्या कुठे गेले होते.

वडगावहून घरी आल्या आल्या ज्योत्स्नानं नोकरीच्या आणि झटपट कमाईच्या जाहिरातींचा प्रकार बंद केला. कर्जाच्या जाहिरातीही बंद केल्या. एका आठवड्यात कमाई निम्म्याच्या खाली आली. प्रदीपनं आकडे पाहिले आणि घरात पहिल्यांदा मोठं भांडण झालं.

"तू नाही लावलीस तर दुसऱ्या ब्लॉगवर तीच जाहिरात लागणार," तो म्हणाला. "पोरी तिथं फसणार. फरक काय पडला? आपला हप्ता बुडाला एवढाच."

"तिथं बुडाल्या तर ज्योत्स्नाताईनं सांगितलं म्हणून नाही बुडणार."

"पेपरात छापत नाहीत का जाहिराती? पेपरवाल्याला कोण विचारतं?"

"मला विचारलं ना. घरी येऊन विचारलं."

आबा कोपऱ्यात बसून होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "भिमाजीला म्याच सांगितलं व्हतं रं." मग प्रदीपनं वाद सोडला. पण त्याचं म्हणणं बदललं नव्हतं.

ज्योत्स्नाला वाटलं, सगळ्या वाचणाऱ्यांना सावध करावं. तिनं एक लेख लिहिला. नाव न घेता रुपालीची हकीकत सांगितली, पैसे मागणारी नोकरी कशी ओळखायची ते सांगितलं, माझ्या पानावरच्या जाहिरातींवरही विश्वास ठेवू नका असं स्पष्ट लिहिलं. तो लेख तिनं मला पाठवला. मी एक वेलांटीही बदलली नाही. लेख तिनं टाकला आणि दोन दिवसांनी मी सहज माझ्या मोबाईलवर उघडला. दुसऱ्या परिच्छेदाखाली, 'नोंदणीच्या नावाखाली पैसे मागतात' या वाक्याला लागूनच, एक हिरवं बटण होतं. 'विमानतळावर भरती, आजच नाव नोंदवा.'

मी तिला फोन केला. प्रकार बंद केला तरी दुसऱ्या नावाच्या आडून अशा जाहिराती घुसतात हे तेव्हा आम्हाला दोघींना कळलं. पानावर भरती, नोंदणी, अर्ज असे शब्द दिसले की यंत्र तशाच जाहिराती आणून लावतं. लेख सावध करणारा आहे की बोलावणारा, हे यंत्राला कळत नाही. तिनं ती जाहिरात अडवली, दुसऱ्या दिवशी तिसरी आली. रोज सकाळी उठून ती आदल्या दिवशी लागलेल्या जाहिराती एकेक तपासायला लागली. शेकड्यांनी असायच्या. तिचं लिहिणं मागे पडलं, लेकीच्या शाळेची वेळ चुकायला लागली, भाकरी तव्यावर करपायला लागली.

शेवटी एका सकाळी तिनं सगळ्याच जाहिराती काढल्या. एकही ठेवली नाही. तोवरच्या कमाईचे अकरा हजार नंतर बँकेत जमा झाले, ते तिनं जसेच्या तसे भिमाजींना नेऊन दिले. भिमाजी म्हणाले, "हे तुमच्याकडनं न्हाई, त्या भामट्यांकडनं पायजे व्हते, ताई." पण घेतले. मालकाची उचल पगारातून कापली जात होती, नाही म्हणायची त्यांची ऐपत नव्हती. रुपालीला सांगू नका, असं ज्योत्स्नानं त्यांना बजावलं.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. हप्ते थकले, बँकेची माणसं दारात येऊन गेली, मागच्या खोल्यांना गिलावा लावायचा राहिला तो राहिलाच. जाहिराती परत लागतील म्हणून प्रदीपनं दोन महिने वाट पाहिली, मग लोणावळ्यात एका टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. शनिवार-रविवार तो घरी नसतो. घरी असतो तेव्हाही बायकोशी कामापुरतं बोलतो. एकदा मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, ती चुकली असं मी म्हणत नाही. पण मला विचारलं पण नाही तिनं." त्यातही तथ्य होतं.

आणि ब्लॉगचं म्हणाल तर तोही आता पूर्वीसारखा चालत नाही. लोक काही शोधायला गेले की यंत्रानंच लिहिलेलं उत्तर वरच्या वर तयार मिळतं, खालचं पान उघडायची गरज राहत नाही. तयार उत्तर कुणाच्या लेखातून उचललंय हे कोण बघतो. जाहिराती ठेवल्या असत्या तरी आज तिला महिन्याला दोन-तीन हजारांच्या वर मिळाले नसते, असं ती म्हणते. एकदा मी म्हटलं, मग एका अर्थी बरंच झालं. ती म्हणाली, "नाही मॅडम. तेव्हा हे ठाऊक नव्हतं. तेव्हा मी चांगले चालू असलेले पैसे बंद केले होते. ते सोपं होतं असं नका म्हणू." मी पुन्हा तसं म्हटलं नाही.

ती अजून लिहिते. रोज नाही, पण लिहिते. आणि वडगावला तहसील कचेरीच्या रस्त्यावर एका ऑनलाईन अर्ज भरायच्या दुकानात नोकरी करते. एका अर्जामागे दुकानदार गिऱ्हाईकाकडून पन्नास रुपये घेतो, तिला महिन्याचा पगार. समोर माणूस बसलेला असतो, त्याचे कागद हातात असतात.

गेल्या आठवड्यात मी जमिनीच्या उताऱ्यासाठी वडगावला गेले होते, तेव्हा तिच्या दुकानात डोकावले. पोलीस भरतीचे अर्ज सुरू झाले होते, रांग रस्त्यापर्यंत आलेली. ज्योत्स्नाच्या समोर खुर्चीत एक मुलगी बसली होती. पाठीवर वेणी, पायात पळायचे बूट. ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच मला थांबायला सांगितलं. मला एकदम उमगलं की ही रुपाली.

अर्ज भरून झाला होता. पैसे भरायच्या आधीचं शेवटचं पान संगणकावर होतं. ज्योत्स्नानं पडदा तिच्याकडे वळवला आणि हात मांडीवर ठेवून बसली. रुपाली एकेक ओळ बोटानं धरून वाचू लागली. वरचा संकेतस्थळाचा पत्ता तिनं एकेका अक्षरानं स्वतःच्या मोबाईलवर ताडून पाहिला. मागून कुणीतरी कुरकुरलं, "अवो, आवरा की, माजी लोकल जाईल." रुपालीनं मागे पाहिलं नाही. पानाच्या शेवटापर्यंत पोचल्यावर रुपालीनं पुन्हा वर जाऊन जन्मतारीख पाहिली.

"दाबू?" ज्योत्स्नानं विचारलं.

"मी दाबते," रुपाली म्हणाली, आणि तिनं माउस स्वतःकडे ओढला.

फी भरून झाली, छापील प्रत निघाली. रुपालीनं ती घडी करून पिशवीत ठेवली. दुकानाचे पन्नास रुपये काउंटरवर ठेवले आणि उठता उठता म्हणाली, "पावती द्या."

त्या दुकानात पन्नास रुपयांची पावती कुणी मागत नाही. ज्योत्स्नानं खण उघडून पावतीपुस्तक शोधलं. तारीख घातली, नाव घातलं, सही केली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.